सुस्पष्टतेचे मोल : मध्यम किमतीच्या द्विनेत्री दुर्बिणीच्या प्रकाशकीय गुणवत्तेचा इतिहास

प्रस्तावना

‘दुर्बीण’ हा शब्द मराठीने फारसीतून घेतला. दूरचे पाहणारी ती दुर्बीण, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे आकाशनिरीक्षणाची एकनळी दुर्बीण आणि पक्षिनिरीक्षकाच्या गळ्यातील दोन नळ्यांची दुर्बीण या दोहोंना मराठीत एकच नाव मिळाले. प्रस्तुत लेखाचा विषय दुसऱ्या प्रकारापुरता, म्हणजे द्विनेत्री दुर्बिणीपुरता मर्यादित आहे. त्यातही लक्ष आहे ते मध्यम किमतीच्या दुर्बिणीवर. शाळा-महाविद्यालये, हौशी निरीक्षक आणि वनखात्याचे कर्मचारी यांच्या हाती प्रत्यक्षात तीच असते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मात्र तिचा उल्लेख अपवादानेच आढळतो.

आज बाजारात ‘८×४२’ हा एकच आकडा कोरलेल्या दुर्बिणी काही हजार रुपयांपासून दोन लाखांच्याही पुढे विकल्या जातात. वर्धन तेच, वस्तुभिंगाचा व्यास तोच, तरी किमतीत एवढे अंतर का, या प्रश्नाला विक्रेता आणि ग्राहक दोघेही ‘तीक्ष्णता’ हे एकच उत्तर देतात. हे उत्तर अपुरे आहे. द्विनेत्री दुर्बिणीचा चार शतकांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, दृश्यक्षेत्राच्या मध्यभागी मिळणारी तीक्ष्णता फार पूर्वीच सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली होती. ती तेथे आणण्याचे श्रेय नव्या शोधांना जेवढे आहे, त्याहून अधिक काच, कारागिरी आणि विशेषतः तपासणी यांना आहे.

दोन डोळ्यांची अट

ऑक्टोबर १६०८ मध्ये मिडलबर्ग येथील चष्मे बनवणारा हान्स लिपरहे याने नेदरलंडच्या स्टेट्स जनरलपुढे दूरदर्शक साधनाच्या एकाधिकारासाठी अर्ज केला. हा अर्ज दुर्बिणीच्या इतिहासाचा आरंभबिंदू मानला जातो. त्या सभेने लिपरहेला घातलेल्या अटींकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. साधन दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे हवे, आणि भिंगे स्फटिकाची हवीत, अशी मागणी होती. लिपरहेने डिसेंबर १६०८ मध्ये द्विनेत्री साधन सादर केले, ते समाधानकारक ठरले आणि ठरलेले ९०० गिल्डर त्याला मिळाले. एकाधिकार मात्र नाकारण्यात आला, कारण ही विद्या इतरांनाही अवगत असल्याचे तोवर उघड झाले होते.

स्फटिकाची अट अर्थपूर्ण आहे. त्या काळच्या काचेत बुडबुडे, रेषा आणि हिरवट छटा असे. सभेतील व्यवहारी गृहस्थांना प्रकाशशास्त्र ठाऊक नव्हते. पण साधनाचा कस काचेवर ठरतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते. दोन डोळ्यांच्या अटीने एक वेगळाच पेच निर्माण केला. एका नळीत दोष असला तर चित्र अस्पष्ट दिसते, एवढेच. दोन नळ्यांचे अक्ष परस्परांशी समांतर नसतील, तर दोन्ही चित्रे स्वतंत्रपणे उत्तम असूनही मेंदूला ती एकत्र जुळवावी लागतात आणि थोड्याच वेळात डोके दुखू लागते. द्विनेत्री दुर्बिणीची ‘तीक्ष्णता’ अशा रीतीने पहिल्या दिवसापासून भिंगाइतकीच जोडणीवर अवलंबून राहिली.

पुढील दोनशे वर्षांत एकनळी दुर्बिणीची प्रगती झपाट्याने झाली. केप्लरने १६११ मध्ये दोन बहिर्वक्र भिंगांची रचना मांडली. जॉन डॉलंडने १७५८ मध्ये क्राऊन व फ्लिंट या दोन प्रकारच्या काचा जोडून वर्णविपथन आटोक्यात आणणाऱ्या भिंगाचे पेटंट घेतले. द्विनेत्री दुर्बीण मात्र नाट्यगृहातच अडकली. व्हिएन्नाच्या फोइक्टलेंडरने १८२३ मध्ये जी नाट्यदुर्बीण बाजारात आणली, ती गॅलिलिओच्या पद्धतीची, म्हणजे बहिर्वक्र वस्तुभिंग आणि अंतर्वक्र नेत्रिका असलेली होती. तिचे चित्र सुलटे असे आणि नळीही आखूड असे. पण वर्धन तीन-चार पटींपुढे नेताच दृश्यक्षेत्र किल्लीच्या भोकाएवढे होई. केप्लरच्या रचनेचे दृश्यक्षेत्र मोठे, परंतु चित्र उलटे. ते सुलटे करायला आणखी भिंगे घातली की नळी हातभर लांब होई. अशा दोन नळ्या डोळ्यांपुढे धरून उभे राहणे कोणालाही शक्य नव्हते.

पोरोचा आराखडा, येनाची काच

या कोंडीतून मार्ग काढला इग्नात्सियो पोरो या इटालियन सर्वेक्षकाने. तोफखान्यातील अधिकारी राहिलेल्या पोरोने १८५४ मध्ये दोन काटकोनी लोलकांच्या रचनेचे पेटंट घेतले. प्रकाश या लोलकांमध्ये चार वेळा परावर्तित होतो. त्यामुळे उलटे चित्र सुलटे होते आणि लांब प्रकाशमार्ग घडी घातल्यासारखा आखूड नळीत बसतो. आजही ‘पोरो’ हे नाव लोलकांच्या या जोडीला लागलेले आहे. असे असूनही पोरोच्या दुर्बिणी चालल्या नाहीत. त्याच्यानंतर पॅरिसमध्ये ज्यांनी हा प्रयत्न केला, त्यांनाही यश आले नाही.

कारण लोलकाच्या स्वरूपातच होते. वस्तुभिंगाची काच काही मिलिमीटर जाडीची असते. लोलकांतून मात्र प्रकाशाला कित्येक सेंटिमीटर काचेतून जावे लागते. काचेत सूक्ष्म रेषा असेल, थंड होताना ताण राहिला असेल किंवा किंचित रंग असेल, तर तो दोष भिंगात खपून जातो, लोलकात खपत नाही. शिवाय लोलकाचा काटकोन अचूक नसेल, तर चित्र सरकते किंवा तिरपे होते. १८५४ मधील काच आणि १८५४ मधील घासकाम या दोहोंना हा आराखडा पेलणारा नव्हता. कल्पना अचूक होती, पण तिला उभे राहायला जमीन नव्हती.

ती जमीन येना येथे तयार झाली. कार्ल त्साइसच्या कारखान्यात १८६६ पासून काम करणारा पदार्थवैज्ञानिक एर्न्स्ट आबे याने १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकातील प्रतिमानिर्मितीचा विवर्तनाधिष्ठित सिद्धान्त प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्याने लोलकांची दुर्बीणही बनवून पाहिली. परंतु हवी तशी काच उपलब्ध नसल्याने तो प्रयत्न त्याला बाजूला ठेवावा लागला. पोरोने हेच आधी केले होते, याची आबेला त्या वेळी कल्पना नव्हती. विटेन येथील काचकामगारांच्या घराण्यातला तरुण रसायनज्ञ ओटो शॉट याने १८७९ मध्ये आबेला पत्र लिहून आपण वितळवलेल्या नव्या काचेची माहिती दिली. या पत्रातून सुरू झालेल्या सहकार्याचे फळ म्हणजे १८८४ मध्ये येना येथे स्थापन झालेली काचतंत्र प्रयोगशाळा. बोरॉन, बेरियम यांसारखी द्रव्ये मिसळून अपवर्तनांक आणि वर्णविक्षेपण हवे तसे जुळवता येईल अशा काचा तेथे पद्धतशीरपणे तयार होऊ लागल्या. दुर्बिणीच्या जाहिरातीत आजही दिसणारी ‘बीके-७’ आणि ‘बाक-४’ ही नावे म्हणजे बोरॉन-क्राऊन आणि बेरियम-क्राऊन या येनाच्या काचांची वंशावळच होय.

१८९३ मध्ये त्साइस कारखान्याने पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा पोरोचे पूर्वकार्य उघडकीस आले. त्यामुळे लोलकांवर हक्क सांगता आला नाही. हक्क मिळाला तो वस्तुभिंगांमधील अंतर डोळ्यांमधील अंतराहून जास्त ठेवण्यावर. अंतर वाढल्याने खोलीची जाणीव अधिक ठळक होते. १८९४ मध्ये चार, सहा आणि आठ पट वर्धनाच्या दुर्बिणी विक्रीस आल्या आणि आधुनिक द्विनेत्री दुर्बिणीचा जन्म झाला. पोरोच्या पेटंटनंतर त्याला चाळीस वर्षे लागली. या चाळीस वर्षांत भूमितीत काहीही बदल झाला नव्हता. बदलली होती ती काच, आणि काच मोजण्याची व नाकारण्याची पद्धत. त्साइसच्या कारखान्यात ‘अंदाजाने घासून पाहणे’ बंद करून प्रत्येक टप्प्यावर मोजमाप करण्याचा आग्रह आबेने धरला. यंत्रेतिहासात या आग्रहाला त्याच्या सिद्धान्ताएवढेच महत्त्व द्यायला हवे.

पेटंट, युद्ध आणि प्रसार

हे पेटंट १९०८ मध्ये संपले आणि युरोपातील अनेक कारखाने त्याच धर्तीच्या दुर्बिणी बनवू लागले. उत्तम काच मात्र मुख्यतः जर्मनीतूनच येत होती. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटन आपल्या गरजेपैकी सुमारे ६० टक्के प्रकाशकीय काच जर्मनीकडून घेत असे. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच सैन्याला दुर्बिणी अपुऱ्या पडल्या; लॉर्ड रॉबर्ट्स यांनी नागरिकांना घरातील दुर्बिणी सैन्यासाठी देण्याचे आवाहन केले. अमेरिका युद्धात उतरल्यावर तेथील नौदलानेही हेच केले. त्या वेळचे नौदल उपसचिव फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने नागरिकांकडून दुर्बिणी मागवण्यात आल्या आणि प्रत्येकीचे भाडे म्हणून एक डॉलर देण्यात आला. औद्योगिक महासत्तांना शत्रूच्या काचेवाचून दिसेनासे व्हावे, हा प्रसंग प्रकाशकीय काचेकडे राष्ट्रीय सुरक्षेचा विषय म्हणून पाहायला लावणारा ठरला. जपानमध्ये निप्पॉन कोगाकु ही कंपनी १९१७ मध्ये स्थापन झाली, तीही याच काळात. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडून येथे प्रकाशकीय साधनांचा आयुध कारखाना उभा राहिला, आणि १९५० मध्ये कोलकाता येथे स्थापन झालेल्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेने पुढे प्रकाशकीय काचनिर्मितीचे काम हाती घेतले, त्यामागेही हीच प्रेरणा होती.

दोन महायुद्धांच्या दरम्यान आणखी एक महत्त्वाचा बदल घडला. काच व हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या दुर्बिणीतही अशा दहा सीमा सहज असतात. म्हणजे डोळ्यापर्यंत जेमतेम दोन-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. हरवलेल्या प्रकाशाचा काही भाग नळीत भटकत राहून चित्रावर धुके पसरतो, हे त्याहून वाईट. त्साइसमधील आलेक्सांडर स्माकुला याने १९३५ मध्ये काचेवर अत्यंत पातळ पारदर्शक लेप देऊन हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. ती काही काळ लष्करी गुपित म्हणून राखली गेली आणि युद्धानंतर सर्वत्र पसरली. लेपामुळे विभेदनक्षमतेचा आकडा जवळजवळ बदलत नाही. बदलतो तो काळ्या-पांढऱ्यातील फरक. तरीही लेप दिलेली आणि न दिलेली दुर्बीण शेजारी ठेवली, तर पाहणारा पहिलीलाच ‘अधिक तीक्ष्ण’ म्हणतो. ‘तीक्ष्णता’ या शब्दाचा घोटाळा येथून सुरू होतो.

तपासणीचा शिक्का

युद्धानंतर येनाचा कारखाना दोन भागांत विभागला गेला. एक भाग मूळ ठिकाणी, पूर्व जर्मनीत राहिला. दुसरा पश्चिमेकडे ओबरकोखेन येथे उभा राहिला. १९४६ मध्ये येनातील यंत्रसामग्रीचा मोठा भाग युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेला. उत्तम दुर्बिणीचे तंत्र अशा रीतीने जगभर पसरले. तथापि मध्यम किमतीची दुर्बीण घडली ती या प्रसिद्ध कारखान्यांत नव्हे, तर टोकियोच्या इताबाशी भागातील छोट्या कार्यशाळांत.

तेथील उद्योगाची रचना वैशिष्ट्यपूर्ण होती. एक कुटुंब भिंगे घासणार, दुसरे लोलक, तिसरे धातूचे सांगाडे ओतणार, आणि जोडणी करणारा हे सर्व गोळा करून दुर्बीण उभी करणार. आपल्याकडील इचलकरंजीच्या यंत्रमागधंद्यात जशी विखुरलेल्या छोट्या घटकांची साखळी दिसते, तशीच ही व्यवस्था. खर्च कमी, परंतु दर्जाची हमी कोणाचीच नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत जपानी दुर्बिणींचा पूर लोटला, निर्यातदारांत किमती पाडण्याची स्पर्धा लागली आणि ‘जपानी’ म्हणजे ‘स्वस्त व टाकाऊ’ असे समीकरण रूढ होऊ लागले. हा धंदा स्वतःच्याच हाताने बुडण्याच्या बेतात होता.

यावरचा उपाय शासकीय होता. १९५७ चा निर्यात तपासणी कायदा आणि शिलाई यंत्रे व दुर्बिणी यांसाठीच केलेला १९५९ चा हलक्या यंत्रांच्या निर्यातवृद्धीचा कायदा यांमुळे तपासणी उत्तीर्ण झाल्याशिवाय दुर्बीण देशाबाहेर जाणे बंद झाले. हे काम जपान टेलिस्कोप इन्स्पेक्शन इन्स्टिट्यूट ही संस्था पाही. त्या काळातील जपानी दुर्बिणींवर ‘पास्ड’ असे छापलेली छोटी अंडाकृती चिकटपट्टी आढळते, ती या संस्थेची. सांगाड्यावर बारीक अक्षरांत ‘जे-बी’ किंवा ‘जे-ई’ आणि पुढे क्रमांक असे. त्यावरून दोष कोणत्या उत्पादकाचा, हे शोधता येई. बाहेरून दुर्बिणीवर विक्रेत्याचे कोणतेही नाव असो, आतली जबाबदारी या क्रमांकावर असे.

या व्यवस्थेने एकही नवे भिंग शोधले नाही. दोन नळ्यांचे अक्ष जुळतात का, चित्र तिरपे होत नाही ना, विभेदन ठरल्याइतके आहे का, एवढेच ती पाहत होती. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, इताबाशीतील अनाम कार्यशाळेतून निघालेली दुर्बीण न्यूयॉर्कमधल्या शिक्षकाने न पाहता विकत घेतली, तरी ती वापरण्याजोगी निघण्याची खात्री वाढली. ‘मध्यम किंमत’ हा वर्ग या खात्रीतून जन्मला. त्याआधी दोनच वर्ग होते: नाव असलेली महाग दुर्बीण आणि नशिबावर सोडलेली स्वस्त दुर्बीण. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही सक्तीची तपासणी बंद झाली, तोवर जपानी कारखान्यांनी तिचे निकष आपल्या अंगवळणी पाडले होते.

या वर्गाला ग्राहकही त्याच काळात मिळाला. रॉजर टोरी पीटरसन यांचे पक्षी ओळखण्याचे मार्गदर्शक पुस्तक अमेरिकेत १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात सलीम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ मध्ये आले. पक्षी मारून हातात घेऊन ओळखण्याऐवजी जिवंत पक्षी दुरून पाहून ओळखण्याची पद्धत अशा पुस्तकांनी सर्वसामान्यांत रुजवली. पिसाच्या कडेवरची फिकट रेषा दिसते की नाही, यावर ओळख ठरू लागली, आणि दुर्बिणीच्या गुणवत्तेला लष्कराबाहेर प्रथमच ठोस अर्थ प्राप्त झाला.

तीक्ष्णता मोजायची कशी?

तुलनेचा प्रश्न येथे उभा राहतो. निरोगी डोळा साधारणपणे एक कला, म्हणजे ६० विकला, इतक्या कोनाने विभक्त असलेले दोन बिंदू वेगळे ओळखतो. नेत्रतपासणीच्या १८६२ मधील स्नेलेनच्या तक्त्याचा पायाही हाच आहे. आठ पट वर्धनाची दुर्बीण लावल्यास ही मर्यादा ६० भागिले ८, म्हणजे ७.५ विकला होते. १०० मीटर अंतरावर हे साडेतीन मिलिमीटरांहून किंचित अधिक होतात. दुसऱ्या बाजूने, ४२ मिलिमीटर व्यासाच्या निर्दोष वस्तुभिंगाची मर्यादा डॉझच्या नियमाप्रमाणे ११६ भागिले ४२, म्हणजे सुमारे २.८ विकला येते. म्हणजेच सिद्धान्ततः दुर्बीण डोळ्यापेक्षा अडीच पटींहून अधिक चांगली असते.

यात एक बारकावा आहे. भर उन्हात डोळ्याची बाहुली अडीच मिलिमीटरांपर्यंत आकसते. आठ पट वर्धनात याचा अर्थ असा की, ४२ मिलिमीटरांपैकी मधले २० मिलिमीटरच प्रत्यक्ष वापरात येतात. या २० मिलिमीटरांची मर्यादा ५.८ विकला भरते. तीही डोळ्याच्या ७.५ पेक्षा चांगली. शिवाय भिंगाचा मधलाच भाग वापरला गेल्याने त्याच्या कडेचे दोष आपोआप झाकले जातात. त्यामुळे दिवसाउजेडी, दृश्यक्षेत्राच्या मध्यभागी, नीट जोडलेली मध्यम किमतीची दुर्बीण आणि तिच्या दसपट किमतीची दुर्बीण यांच्या विभेदनातील फरक सामान्य डोळ्याला दिसूच शकत नाही. फरक दाखवायचा असेल, तर दुर्बीण तिपाईवर घट्ट बसवून नेत्रिकेमागे आणखी एक छोटी दुर्बीण लावावी लागते. हातात धरलेल्या दुर्बिणीत तर हाताचा कंपच तीक्ष्णतेचा बराचसा भाग खाऊन टाकतो. १९९५ मध्ये कॅननने प्रतिमा स्थिर ठेवणारी दुर्बीण आणली. तिच्यातून वाढलेला तपशील पाहून अनेकांना आपल्या हाताची पहिल्यांदा ओळख पटली असावी.

मापनाची साधनेही येथे समजून घ्यायला हवीत. प्रकाशकीय चाचणीत सर्वाधिक वापरला जाणारा तक्ता अमेरिकी हवाई दलाने १९५१ मध्ये प्रमाणित केलेला आहे. त्यातील तीन-तीन रेषांचे गट पायरीपायरीने बारीक होत जातात. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून सुमारे १२ टक्क्यांनी बारीक असते. त्यामुळे या तक्त्यावरून १२ टक्क्यांहून लहान फरक सांगता येत नाही, आणि सांगितला गेल्यास तो अंदाज समजावा. द्विनेत्री दुर्बिणींसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेची आयएसओ १४१३३ ही मानके आहेत. त्यांत सर्वसाधारण आणि उच्च दर्जाच्या साधनांसाठी वेगवेगळ्या अपेक्षा नमूद आहेत. आयएसओ १४४९० मालिकेत मापनपद्धती दिल्या आहेत. बाजारातील वेष्टनावर मात्र या मानकांचा उल्लेख क्वचितच असतो. तेथे वर्धन आणि व्यास हेच दोन आकडे पुरेसे समजले जातात.

मग डोळ्याला फरक जाणवतो तो कशाचा? मुख्यतः तीन गोष्टींचा: काळ्या-पांढऱ्यातील फरक, दृश्यक्षेत्राच्या कडेची अवस्था, आणि संधिप्रकाशातील वर्तन. फ्रेंच पदार्थवैज्ञानिक द्युफिए यांनी १९४६ मध्ये फूरिए गणिताच्या आधारे प्रतिमेचा विचार मांडल्यानंतर ‘किती बारीक दिसते’ यापेक्षा ‘प्रत्येक बारकाव्यावर फरक किती टिकतो’ हा प्रश्न अधिक योग्य ठरला. सायंकाळी बाहुली पाच मिलिमीटरांपर्यंत उघडते, संपूर्ण वस्तुभिंग वापरात येते आणि दुपारी झाकलेले दोष उघडे पडतात. मध्यम किमतीच्या दुर्बिणीची खरी परीक्षा सूर्यास्तानंतरच होते.

सरळ नळ्यांचा मोह

१९७० नंतर ग्राहकांची पसंती सरळ, सडपातळ नळ्यांच्या दुर्बिणीकडे वळू लागली. या रचनेतील ‘रूफ’ लोलक नवे नव्हते. जर्मनीत ते विसाव्या शतकाच्या आरंभापासून वापरात होते. त्यांत एक पृष्ठ घराच्या छपरासारखे दोन उतारांत घडवलेले असते. या दोन उतारांमधील कोन काही विकलांपलीकडे चुकला, तर चित्र दुहेरी होते. कोन अचूक असला तरी दोन उतारांवरून येणाऱ्या प्रकाशाच्या कलेत फरक पडून (येथे कला म्हणजे तरंगावस्था) चित्राचा कस एका दिशेने घटतो. पोरोच्या रचनेत हा दोष मुळातच नाही. १९८८ मध्ये त्साइसने कलासुधारक लेप आणून त्यावर मात केली.

म्हणजेच १९७० ते १९९० या काळात समान किमतीत पोरो दुर्बीण घेणारा ग्राहक अधिक तीक्ष्ण चित्र मिळवत होता, आणि सरळ नळ्यांची दुर्बीण घेणारा आकारासाठी पैसे मोजून तीक्ष्णता गमावत होता. बाजाराने मात्र दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. पुढे कलासुधारक लेप स्वस्त झाले आणि दुर्बिणींची जोडणी मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये सरकली. चीनमधील पहिली लष्करी दुर्बीण १९३९ मध्ये कुनमिंग येथे तयार झाली होती. त्या शहराची परंपरा जुनी आहे. आज युरोपीय, अमेरिकी आणि जपानी नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक मध्यम किमतीच्या दुर्बिणी चीनमध्ये घडतात. अल्पविक्षेपी काच, बहुस्तरीय लेप, कलासुधार ही एकेकाळी केवळ महाग दुर्बिणींची असलेली वैशिष्ट्ये त्यांत आढळतात. आराखडा उत्तम, काच उत्तम. तरीही एकाच नमुन्याच्या दोन दुर्बिणी शेजारी ठेवल्या, तर एक मध्यभागी लख्ख आणि दुसरी किंचित मऊ निघू शकते. महाग दुर्बिणीची जादा किंमत मोठ्या अंशी या दुसऱ्या दुर्बिणीला कारखान्याबाहेर न पडू देण्याची असते. इताबाशीच्या चिकटपट्टीने जे काम केले, ते आज प्रत्येक कंपनी आपापल्या ताळेबंदाप्रमाणे करते किंवा टाळते.

महाविद्यालयाच्या कपाटातील दुर्बीण

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर पर्यावरणशास्त्राचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार केला आणि २००३-०४ च्या सुमारास तो लागू झाला. त्याच्या क्षेत्रकार्यात परिसरातील सामान्य वनस्पती, कीटक आणि पक्षी यांचा अभ्यास समाविष्ट होता. प्राणिशास्त्र आणि भूगोल या विभागांबाहेरील विद्यार्थ्यांच्या हातीही दुर्बीण येण्याची शक्यता यातून निर्माण झाली. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठले असल्याने परदेशी बनावटीचा मालही बाजारात वाढत होता.

महाविद्यालयाची खरेदी दरपत्रकांवर चालते. तीन दरपत्रके मागवायची, तक्ता करायचा, किमान दर मंजूर करायचा. या तक्त्यात दुर्बिणीचे वर्णन ‘८×४०’ किंवा ‘१०×५०’ एवढेच असते, आणि वर पाहिल्याप्रमाणे तीक्ष्णतेविषयी हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. दहा पट वर्धन आठ पटीपेक्षा ‘चांगले’, हा समज तर हाताच्या कंपाचा विचार केल्यास अनेकदा उलटा ठरतो. ‘झूम’ असे लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणीत दोन्ही नळ्यांचे वर्धन सर्व टप्प्यांवर सारखे राखणे अतिशय अवघड असते; आणि वर पाहिलेला जोडणीचा पेच तेथे प्रत्येक टप्प्याला नव्याने उभा राहतो.

प्रयोगशाळेवाचून करता येण्याजोगी तपासणी मात्र आहे, आणि तिचे मूळ या इतिहासातच सापडते. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहिल्यास नेत्रिकेत प्रकाशाचे छोटे वर्तुळ दिसते. पोरो रचनेत ते वर्तुळ पूर्ण गोल व सर्वत्र सारखे उजळ असेल, तर लोलक पुरेशा अपवर्तनांकाचे आहेत. कडा कापल्यासारख्या चौकोनी व करड्या दिसल्या, तर काही प्रकाश लोलकातून निसटत आहे. दूरची क्षितिजरेषा किंवा इमारतीचे छत पाहत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर नेल्यास दोन नळ्यांतील चित्रे खालीवर सरकतात का, हे कळते. तिपाईवर बसवून वीस-तीस मीटर अंतरावरील छापील मजकूर आधी मध्यभागी, मग कडेला वाचून पाहता येतो. शेवटी तीच दुर्बीण दिवस मावळताना पुन्हा पाहायची. या चारही तपासण्यांना मिळून एक दुपार आणि एक संध्याकाळ पुरते. मात्र त्या मागवलेल्या नमुन्यावर नव्हे, तर विभागाच्या ताब्यात येणाऱ्या प्रत्येक नगावर कराव्या लागतात, आणि न उतरलेला नग परत घेण्याची अट दरपत्रक मागवतानाच लिहून द्यावी लागते.